पाळीच्या आधीचे आठ दिवस आणि उरलेले वीस

एका आईचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: मुलगी १५ वर्षांची, पाळी १३व्या वर्षी सुरू झाली. गेलं वर्षभर पाळीच्या आधी आठवडाभर ती कुणी वेगळीच होते. बारीकसारीक गोष्टीवरून भडकते, मग दार लावून रडते. पोट फुगल्यासारखं वाटतं, छाती इतकी दुखरी होते की पालथं झोपता येत नाही. पाळी आली की दोन दिवसांत पुन्हा पूर्वीसारखी. डॉक्टरांनी तपासलं आणि "काही नाही, व्यायाम करू द्या" असं सांगून पाठवलं. पण त्याच दिवसांत व्यायामाचं नाव काढलं की घरात भांडण होतं. एरोबिक व्यायामाने खरंच फरक पडतो का? पडत असेल तर कोणता करायचा, किती करायचा आणि पाळीच्या आधी करायचा की नंतर?

ताई, तुमच्या प्रश्नाचं शेपूट आधी धरते, कारण बहुतेक घरांत गाडी तिथेच अडते. व्यायाम पाळीच्या आधीच्या आठवड्यात सुरू करायचा नाही. पाळी संपत आली, पोरगी हसायला-बोलायला लागली, की तेव्हा सुरू करायचा. मग तो महिनाभर चालू ठेवायचा आणि त्या वाईट आठवड्यात फक्त बंद पडू द्यायचा नाही. डोकं दुखलं की गोळी घ्यावी तसा हा उपाय नाही. चांगल्या वीस दिवसांत केलेला व्यायाम वाईट आठ दिवसांत उपयोगी पडतो. फरक पडतो का, तर हो, बऱ्याच मुलींना पडतो. पण पहिल्या महिन्यात तो शोधायला जाऊ नका. दोन-तीन पाळ्या जाऊ द्याव्या लागतात.

आता त्या "काही नाही" विषयी. माझ्या व्यवसायातल्या लोकांचं हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. बोलणाऱ्याला म्हणायचं असतं, "गर्भाशयात, बीजांडकोशात दोष नाही", आणि ऐकणाऱ्या मुलीला ऐकू येतं, "तू नाटक करतेस". या त्रासाला नाव आहे आणि ते जुनं आहे. रॉबर्ट फ्रँक नावाच्या डॉक्टरांनी १९३१ साली पाळीपूर्व तणावाचं वर्णन केलं. १९५३ साली रेमंड ग्रीन आणि कॅथरिना डाल्टन यांनी "प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम" हे नाव रूढ केलं. आपण त्यालाच पीएमएस म्हणतो.

हार्मोन्स "बिघडली" म्हणून पीएमएस होतो असं सर्रास सांगितलं जातं. ते तसं नाही आणि म्हणूनच रक्ताच्या तपासण्या नॉर्मल येतात. अमेरिकेत पीटर श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात पीएमएस असलेल्या आणि नसलेल्या स्त्रियांची बीजांडकोशातली हार्मोन्स आधी औषधाने थांबवली आणि मग सगळ्यांना इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन बाहेरून दिलं. हार्मोन्स तीच असूनही त्रास पुन्हा झाला तो आधीपासून पीएमएस असलेल्यांनाच; इतर जणी जशाच्या तशा राहिल्या. म्हणजे हार्मोन्सची पातळी सगळ्यांची सारखीच वर-खाली होते, काहींचा मेंदू त्या चढउताराला जास्त हलतो. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूत तयार होणारा एक पदार्थ एरवी शांत करणारा. या मुलींमध्ये मात्र त्याच्या चढउताराने बेचैनी येते, आणि मूड सांभाळणारं मेंदूतलं रसायन, सेरोटोनिन, त्याचं कामही त्या दिवसांत मंदावतं असं मानलं जातं. तुमच्या मुलीचा स्वभाव बदललेला नाही आणि तुमच्या वळण लावण्यातही काही चुकलेलं नाही.

वयाचा एक मुद्दा इथे सांगायलाच हवा. हे सगळं सुरू होण्यासाठी बीजांडकोशातून बीज बाहेर पडावं लागतं, कारण प्रोजेस्टेरॉन त्यानंतरच तयार होतं. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं पुष्कळ महिन्यांत बीज बाहेर पडतच नाही. पाळी तर येते, पण कधी २१ दिवसांनी तर कधी ४५ दिवसांनी, आणि या वयात हे दोन्ही चालतं. त्यामुळे बऱ्याच मुलींना सुरुवातीला काहीच त्रास नसतो आणि पाळी नियमित व्हायला लागली की नेमका त्रास सुरू होतो. आया म्हणतात, "आधी नव्हतं, आताच काय झालं?" झालं एवढंच, की शरीराचं चक्र आता पूर्ण फिरायला लागलं. तुम्ही दिलेला हिशेब, तेराव्या वर्षी पाळी आणि चौदाव्यापासून त्रास, याच्याशी जुळतो.

तरीही व्यायामाकडे जाण्याआधी एक काम करून घ्या. दोन महिने वही ठेवायची. मोबाइलवरचं अ‍ॅप चालेल, पण माझा अनुभव असा की या वयाच्या मुली वही जास्त इमानदारीने भरतात, आणि ती कुणी बघत नाही याची त्यांना खात्री असते. पाच-सहा रकाने पुरे: चिडचिड, रडू येणं, पोट फुगणं, छाती दुखणं, थकवा, झोप. रोज रात्री प्रत्येकात शून्य ते तीन असा एक आकडा. पाळीच्या दिवसांवर लाल पेनने गोल. एक मिनिटाचं काम आहे. वही मुलीनेच भरायची, तुम्ही नाही. "आज किती गं चिडलीस, तीन लिही," असं आईने सांगितलं की वही तिथेच संपली.

माझ्यासमोर आलेल्या दोन वह्या सांगते. पहिलीत चिडचिडीचा रकाना वरून खाली वाचत गेलं तर शून्य, शून्य, एक, शून्य असं चाललेलं आणि २२व्या दिवसापासून दोन, तीन, तीन, तीन. लाल गोल सुरू झाला की दुसऱ्याच दिवशी एक, मग पुन्हा शून्य. पुढच्या महिन्याचं पान शेजारी ठेवलं तर तीच नक्षी. हा पीएमएस. दुसऱ्या मुलीची आईही अगदी तुमच्यासारखंच वर्णन करत होती, पण तिच्या वहीत महिनाभर तीनच तीन होते. मधे मधे शून्य दिसले, ते मोजले तर सुट्टीच्या दिवशी. तिच्या त्रासाचा पाळीशी काही संबंध नव्हता. वर्गातल्या काही मुली तिला छळत होत्या आणि ते तिने घरी सांगितलं नव्हतं. तिला मी दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या असत्या तर काय साधलं असतं?

डॉक्टर साधारण असं बघतात: त्रास पाळीआधीच्या पाच दिवसांत हजर हवा, पाळी आल्यावर चार दिवसांत जायला हवा, त्यानंतर चक्राच्या किमान १३व्या दिवसापर्यंत परतायला नको, आणि ही नक्षी लागोपाठच्या पाळ्यांत दिसायला हवी. ओटीपोटात कळ येऊन दुखतं ते पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी, ते प्रकरण वेगळं. त्याला कारण गर्भाशयात तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं. पुष्कळींना दोन्ही असतं, म्हणून सगळ्याला मिळून "पाळीचा त्रास" म्हणून मोकळे होतो. व्यायाम दोन्हीला उपयोगी पडतो, ही त्यातली बरी गोष्ट.

व्यायामाचा पुरावा कितपत भक्कम आहे, हेही उघड बोलते. आहे, पण पोलादी नाही. बहुतेक अभ्यास लहान आहेत, पंधरा-वीस जणींचे गट. इराणमधला २०१३ साली छापून आलेला एक अभ्यास खेळाडू नसलेल्या तरुण मुलींचा: आठवड्यातून तीन वेळा, एक तास, आठ आठवडे, लक्षणं कमी झाली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात १६ ते २० वर्षांच्या ३० मुली होत्या. सगळ्यांना ब-६ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दिलं आणि निम्म्या जणींना जोडीला तीन महिने, आठवड्यातून तीन दिवस ट्रेडमिलवर चालवलं. चालणाऱ्या गटात लक्षणं उतरली आणि हिमोग्लोबिनही वाढलं. १९९३ सालच्या एका जुन्या अभ्यासात एरोबिक व्यायामाची तुलना वजनं उचलण्याच्या व्यायामाशी केली होती. फायदा दोन्हीकडे दिसला, पण एरोबिकने जास्त लक्षणांवर काम केलं, विशेषतः उदासपणावर.

यात अडचण अशी की व्यायाम लपवून देता येत नाही. आपण व्यायाम करतोय हे करणारीला माहीत असतं, आणि पीएमएसमध्ये नुसत्या विश्वासानेही पुष्कळ बरं वाटतं. १९९८ साली ४६६ स्त्रियांवर कॅल्शियमच्या गोळ्यांचा मोठा अभ्यास झाला. तिसऱ्या पाळीपर्यंत गोळीवाल्यांची लक्षणं ४८ टक्क्यांनी उतरली, पण नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचीही ३० टक्क्यांनी उतरली! त्यामुळे "व्यायामाने पीएमएस बरा होतो" असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून जरा अंतर ठेवा. मी एवढंच म्हणेन, की धोका जवळजवळ नाही, इतर फायदे पदरात पडतातच, आणि जगभरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पहिल्या पायरीवर व्यायाम आहे. १५ वर्षांच्या मुलीसाठी मला यापेक्षा चांगली सुरुवात माहीत नाही.

तो काम कसा करतो, याची एकच एक किल्ली नाही. धाप लागेपर्यंत हालचाल केली की मेंदूत एंडॉर्फिन आणि एंडोकॅनाबिनॉइड ही सुख देणारी, दुखणं बोथट करणारी रसायनं वाढतात. सेरोटोनिनलाही हातभार लागतो. झोप गाढ लागते, आणि खरं सांगायचं तर अर्धी चिडचिड झोपेचीच असते. या वयात ८ ते १० तास झोप लागते आणि मिळते सहा-साडेसहा. पायांचे स्नायू आवळले-सैलावले की साठलेलं पाणी वर ढकललं जातं, आतडी हलतात, पोट साफ होतं. त्या दिवसांत बद्धकोष्ठ असलेल्या मुलींना "पोट फुगलं" या तक्रारीत सगळ्यात आधी आराम पडतो, तो बहुधा यामुळेच. आणि नियमित व्यायाम करणाऱ्या शरीराची ताण सोसण्याची ताकद वाढते. कारणं चार असली तरी त्यातली तीन रोजच्या सवयीने घडणारी आहेत. म्हणून महिनाभर.

आता कोणता आणि किती. एरोबिक म्हणजे मोठे स्नायू लयीत, सलग हलत राहतील आणि श्वास-ठोके वाढलेले राहतील असं काहीही. भरभर चालणं, पळणं, सायकल, पोहणं, नाच, दोरीवरच्या उड्या, जिने चढणं, मैदानी खेळ. यातलं "सर्वांत चांगलं कोणतं" असं मला नेहमी विचारतात. जे ती पुढच्या महिन्यातही करत असेल, ते. खोलीचं दार लावून गाण्यांवर नाचणाऱ्या मुलीला उठवून मैदानात पळायला नेणारे पालक मी पाहिले आहेत. अहो, ती आधीच एरोबिक करत होती! फक्त दोन गाण्यांऐवजी सहा गाणी करायची.

जोर किती हवा ते बोलण्यावरून ओळखायचं. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम जोर. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, हा जास्त. तिला मध्यमवर राहू द्या, मधे मधे जास्त. आकडेच हवे असतील तर मनगटावर नाडी धरून १५ सेकंद मोजायची; या वयात ३३ ते ३९ ठोके भरले तर मध्यम जोर, म्हणजे मिनिटाला साधारण १३० ते १५५. पण मोजण्यात मन अडकवणारी मुलगी असेल तर हे सांगूच नका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या सूचनांप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जास्त जोराची हालचाल करावी, त्यातली बरीचशी एरोबिक. वाचायला छान. याच संघटनेच्या आकडेवारीत ११ ते १७ वयाच्या जवळपास ८५ टक्के मुली यात कमी पडतात. म्हणजे तुमची मुलगी कमी हालचाल करत असेल तर ती आळशी नाही, तिच्या वयाच्या बहुतेकींसारखी आहे. तिला उद्यापासून तासभर पळवू नका. पाळीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरुवात: २० मिनिटं, आठवड्यातून चार दिवस, भरभर चालणं इतकंच. पहिली पाच मिनिटं हळू, मग वेग, शेवटची तीन-चार मिनिटं पुन्हा हळू. दोन आठवड्यांनी ३० मिनिटं. दुसऱ्या महिन्यात पाच दिवस, ४० मिनिटांपर्यंत, आणि त्यात अधूनमधून मिनिटभर पळणं किंवा जिना. एका दमात जमत नसेल तर २० अधिक २० चालतात. शाळेत खेळ झाला असेल तर तोही धरायचा. सकाळी की संध्याकाळी, यावर वाद घालू नका. झोपण्याआधी तासभर जोराचा व्यायाम संपलेला असावा, एवढंच पाहा.

आता तो आठवडा.

बीज बाहेर पडल्यानंतर शरीराचं तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सियसने वाढलेलं राहतं, ठोकेही थोडे वाढतात. म्हणजे दहा दिवसांपूर्वी ज्या वेगाने ती आरामात चालली, त्याच वेगाला आता जास्त धाप लागू शकते, जास्त उकडू शकतं. ती "मला नाही जमत" म्हणते तेव्हा पुष्कळदा ती शब्दशः खरं बोलत असते. म्हणून या आठवड्यात जोर उतरवायचा, दिवस नाही. ४० मिनिटांचं २० करा, पळण्याचं चालणं करा, उन्हात जायचं असेल तर सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर जा. माझा मुलींशी एक करार असतो: फक्त दहा मिनिटं. बूट घालायचे, बाहेर पडायचं, दहा मिनिटं चालायचं. अकराव्या मिनिटाला परत यावंसं वाटलं तर यायचं, कुणी काही विचारणार नाही. परतणाऱ्या थोड्या निघतात. पण करार पाळायचा तो मोठ्यांनी. दहा मिनिटांत परत आली आणि तुमच्या तोंडून "एवढ्यात?" निघालं, तर उद्या बूट निघणार नाहीत.

छातीचं दुखणं ही या आठवड्यात व्यायाम सुटण्याची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी सबब. मुलगी "कंटाळा आलाय" म्हणते, खरं कारण उडी मारली की छातीत कळ जाते. दोन गोष्टी करा. नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा घ्या: खांद्यावर रुतत नाही, छातीखालचा पट्टा हात वर केल्यावर वर सरकत नाही, आणि जागेवर दहा उड्या मारल्या तर हालचाल जाणवत नाही. या वयात माप वर्षात दोनदाही बदलतं, मागच्या वर्षीची चालेल असं धरू नका. दुसरं, त्या आठ दिवसांत दोरी आणि पळणं बाजूला ठेवून सायकल किंवा चालणं. पाण्यात छातीला आधार मिळतो, म्हणून पोहणंही बरं.

पाळी सुरू झाल्यावर व्यायाम थांबवायचा का? थांबवायची वैद्यकीय गरज नाही. अंगावर जास्त जात असेल तर पहिले दोन दिवस हलकं ठेवा, पॅड बदलून निघा. पाळीत पळल्याने गर्भाशयाला इजा होते ही निव्वळ भीती आहे. उलट, २०१९ साली कॉक्रेन या संस्थेने ओटीपोटाच्या कळांवरचे व्यायामाचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा आठवड्यातून तीन वेळा, ४५ ते ६० मिनिटं व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं १०० पैकी जवळपास २५ गुणांनी कमी भरलं. तो पुरावाही कच्चाच, पण दिशा स्पष्ट आहे.

थकवा मात्र महिनाभर असेल, जिना चढताना धाप लागत असेल, केस गळत असतील, तर व्यायाम वाढवण्याआधी हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा तपासून घ्या. या वयात हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. रिकाम्या टाकीवर गाडी पळवायला सांगून वर "बघ, तुला जमतच नाही" म्हणणं हा अन्याय आहे. आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. ब-६ जास्त मात्रेत बराच काळ घेतलं तर नसांना इजा होते.

एका गोष्टीची मला व्यायाम न करण्यापेक्षा जास्त काळजी वाटते. पोट फुगल्याची तक्रार असलेल्या मुलीला "व्यायाम कर" म्हटलं की तिला सहज ऐकू येतं "जाड झालीस". पोट फुगलेलं असतं ते पाण्याने आणि वायूने, पाळी आली की उतरतं. त्याचा चरबीशी संबंध नाही. हे तिला स्वच्छ शब्दांत सांगा आणि या सगळ्या उद्योगात वजनकाटा आणू नका. जेवण कमी आणि व्यायाम जास्त असं गणित जमलं की शरीर काटकसर सुरू करतं आणि पहिली कात्री पाळीवर येते. पाळी बंद झाली म्हणून पीएमएसही जातो, आणि घरचे खूश होतात! पण हाडांची घट्ट बांधणी होण्याचं हेच वय, आणि ते नुकसान पुढे भरून निघणं कठीण. पाळी सलग तीन महिने आली नाही तर "व्यायामाने होतं असं" म्हणून सोडू नका, दाखवा.

बोलायचं कधी आणि कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी भांडणाचं मूळ मला तिथे दिसतं. ती भडकलेली असताना "जा, जरा पळून ये, डोकं ठिकाणावर येईल" हे वाक्य व्यायामाला शिक्षा बनवतं. "तुझी पाळी जवळ आली वाटतं" हे तर त्याहून वाईट. तिचा राग कधी कधी खराही असतो आणि या वाक्याने तुम्ही तो खोडून टाकता. बोलणं पाळीनंतरच्या आठवड्यात करा, तिच्या वहीवरून, तिलाच विचारून: त्या दिवसांत तुला काय हवं असतं, काय नको असतं? एका मुलीने आईला सांगितलं होतं, "मला उपाय सांगू नकोस, फक्त सोबत चल आणि बोलू नकोस." दोघी महिनोन्महिने तशाच मुक्या चालल्या. व्यायाम आईचाही झाला.

फरक दिसतो तो कसा, तेही सांगून ठेवते, नाहीतर तो समोर असून ओळखू येत नाही. त्रास नाहीसा होत नाही. वहीतले तीन दोनावर येतात, सात वाईट दिवसांचे चार होतात. बहुतेकींचा रडण्याचा आणि झोपेचा रकाना आधी हलतो, छाती दुखण्याचा सगळ्यात शेवटी, कधी हलतही नाही. तीन पाळ्यांनंतर जुनं पान आणि नवं पान शेजारी ठेवून तिलाच बघू द्या. परीक्षेचा, आजारपणाचा महिना तुलनेत धरू नका.

तीन महिने प्रामाणिकपणे करूनही आकडे तिथेच असतील, किंवा त्रासामुळे शाळा बुडत असेल, तर वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा. "काही नाही" म्हणणारे असतील तर दुसऱ्यांकडे. विचारांना वळण देणारं समुपदेशन आहे, औषधं आहेत, आणि पीएमएसचाच एक तीव्र प्रकार, पीएमडीडी, २०१३ पासून मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत आहे. त्याला निव्वळ चालून भागत नाही. मात्र ती कधी "मला जगायचंच नाही" असं बोलली, स्वतःला इजा करताना दिसली, तर वही भरत बसू नका, तीन महिने थांबू नका, तिला एकटं सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. व्यायाम करताना चक्कर येऊन पडणं, छातीत आतून दुखणं (पाळीआधीचं स्तनांचं दुखणं नव्हे), किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक हृदयविकाराने गेलेलं असणं, या बाबतीत आधी तपासणी, मग बूट. आणि रक्तस्राव सात दिवसांहून जास्त चालत असेल किंवा तासाला एक पॅड भिजत असेल, तर तेही त्याच भेटीत सांगा. मुली हे आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.